तुम्ही नेता ना तिला तपासायला?

६ फेब्रुवारी

विहीणबाईंना नमस्कार.

माझं पत्र पाहून तुम्हाला नवल वाटेल. लग्नाला दीड वर्ष झालं, पण आपण एकमेकींना एक ओळ लिहिलेली नाही. फोन केला असता, पण तीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काढल्यावर फोन कानाला लावला की नुसता घोंगाट ऐकू येतो, असं तुम्हीच मागे म्हणाला होतात. म्हणून लिहायला बसले.

टकळीशी माझं रोज बोलणं होतं. ती एकदा सुरू झाली की समोरच्याला श्वास घेऊ देत नाही. हे नाव तिला उगाच पडलेलं नाही. पण इतकं बोलूनही हाती काही लागत नाही. "जेवलीस का?" विचारलं तर शेजारणीच्या मांजराची गोष्ट सांगते. "वजन किती भरलं?" म्हटलं तर जिन्यातल्या दिव्याची. सहावा महिना चालू आहे आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात रोज दोनशे चाळीस पोरांचं रांधते. कोणी ताटात काय टाकलं हे मला लांबून कळतं, आणि माझ्या पोटच्या पोरीच्या ताटात काय आहे ते कळत नाही.

सोबत एक यादी पाठवते आहे. हिरव्या पालेभाज्या, मोड आलेली कडधान्यं, रोज एक अंडं, जेवताना लिंबू पिळायचं आणि जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही, कारण चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आगाऊपणा समजू नका.

एका गोष्टीसाठी मात्र तुमचे आभार मानायचे राहिले होते. जावयांच्या कंपनीचा विमा आहे, त्या विम्यातल्या हॉस्पिटलात तुम्ही तिला दर महिन्याला स्वतः नेता, असं ती सांगते. त्यामुळे त्या बाजूने मी निर्धास्त आहे.

टकळीची आई


११ फेब्रुवारी

टकळीच्या आईंना नमस्कार.

यादी पोचली. भिंतीवर लावलेली नाही. आमच्या घरात सून उपाशी राहते असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर त्याला माझ्यापुढे आणून उभं करा. मी स्वतःच्या हाताने वाढते. अंडं असतं, दूध असतं, भाजी असते. लग्नात मी "मुलगी बोलते फार, खाते कमी" असं म्हटलं होतं, ते तुम्ही अजून मनात धरून आहात हे मला ठाऊक आहे. मी तोंडाची फाटकी आहे. पण बाईच्या पोटात पोर असताना हात आखडता घेणारी नाही.

आणि हॉस्पिटलचं जे लिहिलंत, तो टोमणा समजायचा का? ऑक्टोबर-नोव्हेंबरात माझा मुलगा तिला दोनदा घेऊन गेला होता. त्यानंतर ती डिसेंबरात आणि जानेवारीत तुमच्याकडे येऊन गेली, आणि दोन्ही वेळा मला सांगितलं, "आईने सगळ्या तपासण्या करून घेतल्या, रक्त बघितलं, सोनोग्राफी झाली, सगळं छान आहे." मला वाटलं, आईला आपल्या गावातला डॉक्टर बरा वाटत असेल. मी मध्ये पडले नाही. तुम्ही तिकडे केलंत म्हणून मी इकडे केलं नाही. आता माझेच आभार मानता, याचा अर्थ काय घ्यायचा?

बाकी आमचा घुम्या बरा आहे. नेहमीसारखाच, दिवसाला चार शब्द.

घुम्याची आई


१५ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना बोटांवर महिने मोजले.

मी तिची कुठलीही तपासणी केलेली नाही. डिसेंबरात ती दोन दिवस होती आणि जानेवारीत चार दिवस. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणायची, "सासूबाई कालच घेऊन गेल्या होत्या, परत कशाला सुया टोचून घेऊ?" मी तुमच्यावर विसंबले, तुम्ही माझ्यावर. आणि तीन महिने झाले, त्या पोरीला कोणीही पाहिलेलं नाही.

ती असं का करते आहे मला कळत नाही. मी तिला फोनवर सरळ विचारणार होते, पण हात मागे घेतला. ती बोलेल, खूप बोलेल, आणि त्यातून आपल्याला काही मिळणार नाही. तुम्ही तिच्यासमोर असता. म्हणून विनंती करते, रागावू नका, नुसतं बघा. खालची पापणी ओढून आत लाल दिसतंय की पांढरं. नखं कशी आहेत. जिना चढताना धाप लागते का. पाय सुजतात का. इथे आली होती तेव्हा ठीकच होती, म्हणून मी फार लक्ष दिलं नाही.

लवकर लिहा. पोस्टमन शाळेत साडेअकराला येतो, तेव्हा आमची वाढायची घाई असते. पण मी डाव खाली ठेवून फाटकाशी जाते.

टकळीची आई


२० फेब्रुवारी

टकळीच्या आई,

बघितलं. तुम्ही सांगितलं तसंच, न रागावता.

तुम्हाला माहीत आहे, गिरणी सुटल्यापासून मी घरी रफूचं काम करते. परवा तिला खिडकीशी बोलावलं, म्हटलं, "मला दिसत नाही गं, सुईत दोरा ओवून दे." ती वाकली तेव्हा म्हटलं, "डोळ्यात काही गेलंय तुझ्या," आणि पापणी ओढली. आत लाल नव्हतं. धुऊन विटलेल्या कापडाचा रंग असतो ना, तसा होता. नखंही तशीच.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. ती प्रत्येक मजल्यावर थांबून कोणाशी ना कोणाशी गप्पा मारते. मला वाटायचं, स्वभावच तसा. काल मी मागून हळूच आले. दुसऱ्या मजल्यावर बोलायला कोणीच नव्हतं. ती भिंतीला हात लावून, डोळे मिटून उभी होती.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला लाज वाटते. कापडावर खुणा करायचा माझा खडू असतो. महिनाभर तो पुरत नव्हता. मला वाटलं, म्हातारपणी कुठे ठेवते ते आठवत नाही. काल तिच्या ओठाच्या कोपऱ्यात पांढरं दिसलं. माझी नजर गेली तशी तिने पदराने पुसून टाकलं.

हॉस्पिटलला चल म्हटलं तर म्हणाली, "विम्याचं कार्ड नवीन होऊन यायचंय, आलं की जाऊ." घुम्याला विचारते. कंपनीच्या कागदपत्रांचं काहीतरी अडलं असेल.

घुम्याची आई


२४ फेब्रुवारी

विहीणबाई,

खडूचं वाचलं. आमच्या शाळेत दोन पोरी पाटीची पेन्सिल खायच्या. तपासायला येणाऱ्या परिचारिकेने सांगितलं होतं, ही खोड नाही, अंगात रक्त कमी झालं की माणसाला माती, खडू खावासा वाटतो. पोरी बऱ्या झाल्या, कारण त्यांना वेळेत औषध मिळालं.

कार्ड नवीन व्हायला तीन महिने लागतात का? मी स्वयंपाकीण आहे, पण इतकं मलाही कळतं. तुमच्या मागच्या पत्रात खडूचं स्पष्ट आहे, जिन्याचं स्पष्ट आहे, आणि कार्डापाशी आल्यावर तुमची लेखणी अडखळली आहे. तुम्ही काही लपवत असाल तर आता लपवू नका. मुलाची बाजू घ्यायची तर नंतर आयुष्यभर घ्या, मी एक शब्द बोलणार नाही. पण कार्डाची वाट न बघता तिला उद्याच्या उद्या कुठेही न्या. सरकारी प्रसूतिगृहात न्या. रांगेत उभं राहावं लागलं तर राहा.

मला चार दिवसांची रजा मिळत नाही, कारण शाळेत तपासणी पथक यायचं आहे. नाहीतर हे पत्र लिहायला इथे बसले नसते.

टकळीची आई


१ मार्च

टकळीच्या आई,

तुम्ही बरोबर ओळखलंत. मी लपवत होते. आधी मलाच खात्री नव्हती, आणि खात्री झाल्यावर लाज वाटली.

घुम्या लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता हे तुम्हाला माहीत आहे. निळा सदरा, खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं. महिन्यापूर्वी तो सदरा काखेत उसवला म्हणून माझ्याकडे आला. खिशावर नाव नव्हतं. कोणीतरी ब्लेडने टाके कापून पट्टी काढली होती, पण सुईची भोकं तशीच होती. मी आयुष्यभर कापडच पाहिलं आहे. पण मी काख शिवली आणि सदरा घडी करून ठेवला. विचारलं नाही. आईने विचारायचं नसतं असं नाही, उत्तर ऐकायची हिंमत झाली नाही.

तुमचं पत्र आल्यावर त्याला समोर बसवलं. तो मान खाली घालून पुटपुटायला लागला. मी म्हटलं, "इकडे बघून बोल. मला ओठ दिसू देत." मग सगळं निघालं. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला कंपनीने अठरा माणसं काढली, त्यात हाही होता. विमा त्याच दिवशी संपला. तेव्हापासून तो एका गोदामात माल उतरवतो, आणि आम्हाला दिसावं म्हणून तोच सदरा घालून घराबाहेर पडतो. टकळीला पहिल्या आठवड्यात कळलं. तिनेच त्याला सांगितलं, "कोणाला बोलू नकोस, मी दोन्हीकडे सांभाळून घेते." आणि घेतलं सांभाळून. तुम्हाला माझं नाव सांगितलं आणि मला तुमचं. आपण दोघी एकमेकींशी बोलत नाही, याचा तिने पक्का हिशेब केला होता.

जेवणाचंही सांगते. मी वाढायचे, पण ती ताट खोलीत नेऊन जेवायची, म्हणायची पाठ टेकायला बरं पडतं. अंडं आणि भाजी सकाळी त्याच्या डब्यात जायची. "दिवसभर ओझी उचलतोस, तुला लागतं." तो बिचारा समजत होता, मी डब्यासाठी वेगळं काढते. हे ऐकल्यावर तो उठून मोरीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं सरकारी प्रसूतिगृहात गेलो. पाच तास लागले. तिथे कोणी विमा विचारला नाही, कार्डही विचारलं नाही. नाव लिहून घेतलं, वजन केलं, रक्त घेतलं. हिमोग्लोबिन सहा पूर्णांक दोन. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. कागद बघून त्यांनी आधी टकळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "आजी, अकराच्या वर असायला हवं. या बाईला आज चालत आणलंत तरी कसं?" मला त्यांचा एकेक शब्द दिसला.

आता एक दिवसाआड शिरेतून लोहाचं औषध चालू आहे. बाळाची वाढ महिन्याच्या मानाने कमी आहे. बाळंतपणात रक्त जास्त गेलं तर इथे सोय पुरणार नाही, मोठ्या हॉस्पिटलात जावं लागेल, असं म्हणाल्या. तिथला खर्च आमच्या आवाक्यातला नाही, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणूनच ती कुठे गेलीच नाही. तपासलंच नाही तर काही निघणारच नाही, असं तिचं गणित.

घुम्याच्या कपाटात विमा कंपनीचं एक पाकीट सापडलं. त्याने उघडून वाचायचा प्रयत्न केला आणि परत ठेवून दिलं. अक्षर मुंगीएवढं, भाषा वकिली. त्याची नक्कल सोबत पाठवते. तुमच्या शाळेत कोणी शिकलेलं असेल तर दाखवा.

तुम्हाला जे बोलायचं असेल ते बोला. मी ऐकून घेईन.

घुम्याची आई


५ मार्च

विहीणबाई,

पाकीट कालच्या टपालाने आलं. शाळेच्या कारकुनांना दाखवलं. ते भिंग घेऊन अर्धा तास वाचत होते, आणि मी समोर उभी राहून त्यांच्या भुवया वाचत होते. त्यांनी जे सांगितलं ते नीट लिहिते, घुम्याला वाचून दाखवा.

नोकरी सुटली तरी चार महिन्यांच्या आत अर्ज केला, तर कंपनीचा विमा स्वतःच्या नावावर पुढे चालू ठेवता येतो. हप्ता आपण भरायचा. मग बाळंतपणासाठी नव्याने दोन वर्षं थांबावं लागत नाही. चार महिने पंधरा मार्चला संपतात. हे पत्र तुम्हाला आठ किंवा नऊ तारखेला मिळेल. मध्ये एक रविवार आहे. उशीर करू नका. मी जावयांनाही फोन केला आहे, पण ते "हो" एवढंच म्हणाले, आणि ते हो कसलं हे मला कळलं नाही.

पहिल्या हप्त्याचं मी बघते. नाही म्हणू नका. कारकून म्हणाले, अर्जात सध्याची तब्येत विचारतात. जे आहे ते सगळं लिहा. खोटं सापडलं तर सगळंच रद्द होतं.

तुम्ही लिहिलंत, जे बोलायचं ते बोला. बोलायचं तुम्हाला नाही, मला माझं सांगायचं आहे. मागे मी लिहिलं, इथे आली तेव्हा ठीकच होती. ते खोटं होतं. जानेवारीत ती माझ्यासमोर बसून केस विंचरत होती आणि तिचे कान मला पारदर्शक दिसले. उन्हात धरलेल्या कागदासारखे. मी रोज दोनशे चाळीस चेहरे बघते, मला कळलं होतं. पण मनात आलं, आता मी काही बोलले तर म्हणतील, हिची आई सासरच्या कारभारात नाक खुपसते. आणि त्याहून खरं म्हणजे, हिला ठेवून घ्यायचं झालं तर माझी नोकरी, माझ्या पाळ्या, हे सगळं कसं जमवू, असंही मनात आलं. मी बसमध्ये बसवून दिलं आणि घरी येऊन स्वतःला सांगितलं, थंडीमुळे तशी दिसत असेल.

तुम्ही सदरा घडी करून ठेवलात. मी पोर बसमध्ये बसवली.

टकळीची आई


१० मार्च

टकळीच्या आई,

पत्र काल मिळालं आणि आज आम्ही विम्याच्या कार्यालयात जाऊन आलो. मुदतीत पाच दिवस राखून.

खिडकीबाहेर एक एजंट बसतो. त्याने अर्ज चाळला, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाला, "गरोदर आहे ते लिहा, ते काही लपायचं नाही. पण रक्त कमी आहे हा रकाना कोरा सोडा. कोण बघतंय?" घुम्याने माझ्याकडे पाहिलं. खोटं का सांगू, मलाही क्षणभर वाटलं, सोडावा कोरा. एका रकान्यावर पोरीचा जीव अडकलेला असताना खरेपणा मिरवणारे आपण कोण?

टकळीने घुम्याच्या हातातलं पेन घेतलं आणि आकडा लिहिला. सहा पूर्णांक दोन. एजंटला म्हणाली, "मी खूप बोलले आहे. आता पुरे." एवढंच. घरी परतताना जिन्यात ती प्रत्येक मजल्यावर थांबली, पण आता धाप लागते म्हणून थांबते असं सांगून थांबली.

निर्णय साठ दिवसांत कळवतात म्हणे. नाकारूही शकतात. बाळ काही त्यांच्या पत्राची वाट बघणार नाही.

आता ती माझ्यासमोर बसून जेवते. घुम्याच्या डब्यात काय जातं ते मी बघते. पहिले चार दिवस तिला अन्न जाईना, दोन घास खाल्ले की पोट भरायचं. तुमची यादी शोधून काढली. लिंबू पिळते. चहा जेवणानंतर दोन तासांनी. खडू कुलपात आहे. कालचा आकडा सहा पूर्णांक नऊ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चढतो आहे, पण वेळ कमी आहे. हे "पण" मला आवडलं नाही.

तुमच्या कबुलीचं पान मी एकटीनेच वाचलं आणि पत्र परत पाकिटात घातलं. कोणाला दाखवलं नाही.

घुम्याची आई


५ मे

विहीणबाई,

काल घरी पोचले. वीस दिवस एका खोलीत दोन चटया टाकून आपण दोघी झोपलो, एकमेकींच्या ताटात वाढलं, आणि आज पुन्हा पत्र लिहायला बसले तर सुरुवात कशी करावी ते कळेना.

चौदा एप्रिलला जावयांचा फोन आला तेव्हा मी गॅसपाशी होते. "आई, या. मोठ्या हॉस्पिटलात नेतोय." त्यांच्या तोंडून एका दमात इतके शब्द मी प्रथमच ऐकले. बसमध्ये सहा तास मी काहीच विचार केला नाही. नुसत्या खिडकीच्या काचेवरच्या रेघा मोजल्या.

एक गोष्ट तिथे तुम्हाला सांगितली नाही, ती आता सांगते. सोळा तारखेला, दिवस भरायच्या आधीच बाळ झालं त्या सकाळी, तुम्ही बाकावर बसला होतात आणि डॉक्टर मला काचेच्या दाराच्या आत घेऊन गेले. बाहेर येऊन मी तुम्हाला सांगितलं, "रक्ताची दुसरी पिशवी लावताहेत, काळजी करू नका म्हणाले." ते तसं म्हणाले नव्हते. म्हणाले होते, रक्तस्राव थांबत नाही, आम्ही प्रयत्न करतो आहोत, तुम्ही घरातल्यांना कल्पना द्या. मला ती कल्पना देता आली नाही. तुमच्या मांडीवर ते एक किलो नऊशे ग्रॅमचं बोचकं होतं, आणि तुम्ही त्याच्याकडे बघत होतात. मी चाळीस मिनिटं तुमच्याशेजारी बसून तुम्हाला फसवलं. माफ करा.

मी रक्त द्यायला गेले होते, ते तुम्हाला माहीत आहे. परत आले तेव्हा, वय जास्त म्हणून घेतलं नाही असं मी सांगितलं. तेही खरं नव्हतं. बोट टोचून बघितलं आणि तिथली मुलगी म्हणाली, "बाई, तुमचंच कमी आहे, तुम्हाला कुठून घेऊ?" जावयांचं घेतलं, ते बरं झालं.

इथे सगळं ठीक आहे. सुट्टीतही शाळेत जेवण चालू आहे, पोरं विचारत होती, इतके दिवस डाळ पातळ का होती. टकळीचा आकडा आणि बाळाचं वजन कळवा. विम्याचं पत्र आलं का? मी ठीक आहे.

टकळीची आई


१० मे

टकळीच्या आई,

आधी आकडे. तिचं हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक एक. बाळ दोन किलो दोनशे. काल वजन करताना काटा हलत होता, म्हणून मी तीनदा ठेवायला लावलं. परिचारिका वैतागली. वैतागू दे. रात्री दोनदा उठवून पाजावं लागतं, अजून स्वतःहून मागत नाही. त्याची धाकधूक आहेच. डॉक्टर म्हणतात महिनाभर असंच राहील.

विम्याचं पत्र आलं. अर्जाच्या तारखेपासून टकळीला घेतलं आहे. आकडा खरा लिहिला होता, तो त्यांनी प्रसूतिगृहाच्या कागदाशी ताडून पाहिला, असं पत्रातच आहे. रकाना कोरा सोडला असता तर सगळंच रद्द झालं असतं. हॉस्पिटलचं बहुतेक बिल ते देणार आहेत. बाळाचं नाव नव्वद दिवसांत चढवायचं असतं, तो अर्ज घुम्याने त्याच दिवशी भरला. या वेळी पाकीट कपाटात गेलं नाही. तो अजून गोदामातच आहे, पण आता स्वतःचा साधा सदरा घालून जातो.

आता तुमच्या माफीचं. तुम्ही विसरलात की मी ओठ वाचते. काचेचं दार होतं. डॉक्टर माझ्याकडे तोंड करून उभे होते. त्यांनी जे जे म्हटलं, ते मी बाकावरून सगळं बघितलं. तुम्ही बाहेर आलात, हसलात, आणि "काळजी करू नका" म्हणालात. मी मान हलवली, कारण मला वाटलं, या बाईला एवढं खोटं बोलायचं बळ आलं आहे, ते आपण मोडू नये. बाळाकडे बघत होते, ते तुमच्याकडे बघायला नको म्हणून. तेव्हा चाळीस मिनिटं तुम्ही एकट्याच फसवत नव्हतात.

टकळीला हे मी काल सांगितलं. ती आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "माझं चुकलं असं सगळे म्हणतात, पण मी शिकले कोणाकडून?" याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा.

आणि तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. "मी ठीक आहे." ज्या बाईचं रक्त पेढीने घेतलं नाही, ती बाई दोनशे चाळीस पोरांना जेवण वाढते आणि स्वतः काय जेवते, हे मला वीस दिवसांत दिसलं आहे. उभ्या उभ्या, पातेल्याच्या तळाचं. तुमचा आकडा किती होता ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी विचारते आहे. उत्तरात आकडा हवा, आणि त्याच्या जोडीला कागद.

नाहीतर राहू द्या, पत्राची वाट बघत नाही. घुम्याने माझं पुढच्या बुधवारच्या बसचं तिकीट काढलं आहे. दोन दिवस राहीन. गुरुवारी सकाळी आपण दोघी जाऊन तुमचं रक्त तपासून घेऊ. त्यासाठी उपाशीपोटी जावं लागतं म्हणतात, तेव्हा चहा ठेवू नका.

घुम्याची आई